प्लेटवरची सही

आईचे साहेब भिंतीवर राहायचे. हे बाबांचं वाक्य, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. किनाऱ्याच्या रस्त्याला वळलं की सगळ्यात उंच हॉटेलच्या भिंतीवर चार मजले अडवून शेफ उभे असायचे. हाताची घडी, डोक्यावर उभी पांढरी टोपी, आणि टीव्हीमुळे घराघरात पोचलेली ती मिशी. त्यांचा एक डोळा मौनीच्या घराच्या खिडकीएवढा होता. खाऱ्या वाऱ्यानं दर वर्षी त्यांच्या डाव्या कानाचे पोपडे निघायचे आणि सुट्ट्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आत माणसं दोरांना लटकून तो कान पुन्हा रंगवून द्यायची. खरे शेफ मात्र कुठेतरी दुसरीकडेच असायचे. अकरा गावांत त्यांची अकरा रेस्टॉरंटं होती, आणि या गावाला त्यांचे पाय वर्षातून दोनदा लागायचे, तेही कॅमेऱ्यांसकट.

गाव तसं समुद्राचं. पण हल्ली लोक लाटा बघायला कमी आणि जेवायला जास्त यायचे. त्या एका रस्त्यावर नामवंत शेफांची सात रेस्टॉरंटं होती. पाहुणे तीन दिवस राहायचे आणि आज याच्याकडे, उद्या त्याच्याकडे अशी यादी करून, देवळं पालथी घालावीत तसे जेवत सुटायचे. गावातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी या सातांपैकी कुठेतरी भांडी घासायचं, भाज्या चिरायचं नाहीतर टेबलं पुसायचं. पण त्या टेबलाशी बसून घास खाल्लेला माणूस गावात शोधूनही सापडला नसता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मौनी हे तिचं घरातलं नाव. लहानपणी ती इतकी गप्प असायची की पाहुणे आले की पडद्यामागे आणि पडदा सरकवला की कपाटामागे. आठवीपर्यंत वर्गात तिनं मानेनं उत्तरं दिली. हो म्हणजे वरखाली, नाही म्हणजे डावीउजवीकडे, आणि गणिताचं उत्तर बोटांवर. मग नववीत एकदा वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी वर्गातल्या बोलक्या मुलीला गोवर निघाला, भाषेच्या बाईंनी हाताला लागली म्हणून मौनीला उभं केलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, तोंडाचं कुलूप उघडलं ते उघडलंच. किल्लीही हरवली. दोन वर्षांत तीन ढाली आणि एक करंडक घरात आला. आता ती दात घासतानाही बोलायची. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं बाबा म्हणायचे आणि बसच्या फेऱ्या करून आल्यावर कानात कापूस घालायचं नाटक करायचे. पण हसायचे. पोर बोलते आहे याचा आनंद त्यांना लपवता यायचा नाही.

करंडक मिळाला ते भाषण होतं पडद्यामागच्या हातांवर. शिंपी, मांडववाले, रंगमंचावर दिवे लावणारे, असे सगळे तिनं त्यात घेतले होते. एकच हात घेतला नव्हता, आणि तोच तिच्या ओठांशी येऊन रोज परत जायचा.

तो हात आईचा.

गोष्ट अशी होती, की शेफच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणाच्या शेवटी जो गोड पदार्थ यायचा, त्याच्या प्लेटवर कडेला शेफची सही असायची. चॉकलेटची. टीव्हीवर कार्यक्रमाच्या शेवटी पडद्यावर उमटायची अगदी तीच, झोकदार, पहिल्या अक्षराला मोठा गोल आणि शेवटी पळीच्या दांड्यासारखी लांब शेपटी. वेटर प्लेट ठेवायचा आणि दोनच शब्द बोलायचा, "शेफकडून, प्रेमानं." त्याच्यापुढे एक अक्षर नाही. ज्याला जे समजायचं ते तो समजून घ्यायचा. लोक फोटो काढायचे, कुणी प्लेट मागून न्यायचे, एका नवऱ्या मुलीनं तर त्या सहीला हात लावू दिला नव्हता.

ती सही आई करायची. सहा वर्षं, एका संध्याकाळी शंभर-सव्वाशे.

आईचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि आई फ्रॉकच्या वयापासून त्यांच्या मागे बसून अक्षरांच्या पोटात रंग भरायची. ते कसब हातात पडून होतं. रेस्टॉरंटमध्ये ती लागली होती ते फळांच्या टेबलावर. ते टेबल शीतगृहाच्या दाराशी, येता-जाता थंडीचा झोत पायांवर, आणि दिवसभर लिंबं, संत्री, अननस. चाकूच्या बारीक चिरांमधून रस आत शिरायचा आणि रात्री आई बोटं वर करून झोपायची. त्या वेळी सही करायला एक वेगळा माणूस होता. त्यानं कुणाच्या तरी लग्नात फुशारकी मारली, ती फिरत फिरत मॅनेजरबाईंच्या कानावर आली आणि दुसऱ्या दिवशी तो कांद्यांच्या पोत्यापुढे बसलेला दिसला. सहीला माणूस हवा होता. आईनं भीत भीत एका प्लेटवर करून दाखवली. मॅनेजरबाईंनी टीव्हीवरची सही शेजारी धरली आणि बराच वेळ कोणती कोणाची ते त्यांना सांगता येईना.

तेव्हापासून आई आतल्या उबदार कोपऱ्यात, संगमरवरी फळीपाशी. वितळलेल्या चॉकलेटमध्ये दोन थेंब तेल, जाड कागदाचा कोन, टोकाला सुईएवढं भोक. प्लेट गार असली पाहिजे, चॉकलेट फार गरम असेल तर पसरतं, फार गार असेल तर शेपटीशी तुटतं. श्वास रोखायचा, सात अंक मोजायचे, सही पुरी. हाताला कंप नको म्हणून कामाच्या दिवशी आई दुपारनंतर चहाला शिवायची नाही, आणि बाबा चहा ओतताना तिच्याकडे पाठ करून ओतायचे.

घरात याची एकच अट होती. बाहेर वाच्यता नाही. मौनीनं भाषणात घालू का म्हणून विचारलं तेव्हा आईनं हातातलं लाटणं खाली ठेवून तिला समोर बसवलं होतं. ती म्हणाली होती की तू सगळ्या जगाचं बोल, माझं नको, मला पुन्हा त्या दाराशी उभं राहायचं नाहीये. मौनीनं मान वरखाली हलवली होती, आठवीतल्यासारखी.

आता रेस्टॉरंटात एक रीत होती. पाच वर्षं पुरी केलेल्या माणसाला एकदा घरच्यांसह, पाहुणा म्हणून, बाहेरच्या दालनात जेवायला बसवायचे. आईची पाच वर्षं केव्हाच भरली होती, पण तिचं जेवण सारखं पुढे ढकललं जायचं, कारण ती बाहेर बसली तर आत सही कोण करणार? शेवटी कॅप्टननी, म्हणजे सगळ्या वेटरांवरचे जे असतात त्यांनी, तोडगा काढला. संध्याकाळी साडेपाचला दालन उघडतं तेव्हा सात-आठच टेबलं असतात. ताई, तुम्ही बसा, गोडाची वेळ झाली की मी डोळ्यानं खुणावतो, दोन मिनिटं आत जाऊन या. म्हणजे पाहुणचारही झाला आणि कामही.

ठेवणीतले कपडे निघाले. बाबांच्या कोटाचं बटण मौनीनं शिवलं आणि वर दहा मिनिटं बटणांच्या इतिहासावर बोलली. आई मात्र कधी नव्हे ती अवघडली होती. सहा वर्षं मागच्या दारानं शिरलेली बाई पुढच्या दारातून आत गेली, तर कॅप्टननी तिची खुर्ची मागे ओढली आणि ती बसायच्या ऐवजी त्यांना मदत करायला लागली. बाबा कुजबुजले की बस गं बाई, आज तू ग्राहक आहेस. मौनीला इतकं हसू आलं की रुमाल तोंडात कोंबावा लागला.

जेवण कसं होतं, विचारता? आधी एका खोलगट बशीच्या तळाशी तीन चमचे सूप आलं. बाबांनी उरलेलं मागून येणार असेल म्हणून वाट बघितली. मग एवढासा मासा, त्याच्यावर एक पान, पानावर एक थेंब. बाबांचं म्हणणं पडलं की हा मासा बहुतेक शाळेत जायच्या वयाचा होता. आई हसत होती, पण तिची नजर सगळी दुसऱ्याच गोष्टींवर. ती सूप न चाखता बशीची कड पुसली आहे का ते बघायची. पान कुणी ठेवलं असेल ते ओळखायची. हे तिरकं ठेवणारा अमका, तो डावखुरा आहे. मौनी आईकडे पाहत राहिली. हिला इथलं सगळं येतं, आणि इथल्या कुणालाच ही माहीत नाही, असं पुन्हा पुन्हा तिच्या मनात यायला लागलं.

शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं होतं. आजोबा काटक, सदरा गळ्यापर्यंत बंद. आजींची बोटं संधिवातानं वाकडी झालेली, मुळांसारखी. आजोबा बोलता बोलता, तिकडे न बघता, आजींच्या माशाचे घास करून ठेवत होते. दोन टेबलांत हातभराचं अंतर, आणि मौनीसारखी मुलगी शेजारी, म्हणजे ओळख व्हायला किती वेळ लागणार. पाच मिनिटांत सगळं कळलं. आजोबा एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. आठ तास बसचा प्रवास करून आले होते, फक्त या एका जेवणासाठी. आजींचे हात गेले तोवर आजोबांना पाणीसुद्धा उकळता येत नव्हतं. मग ते रोज दुपारी वही घेऊन टीव्हीपुढे बसायला लागले आणि शेफच्या मागोमाग, मिठापासून सगळं शिकले. आजी म्हणाल्या की सुरुवातीला सहा महिने आम्ही जळकंच खाल्लं, पण हे हटले नाहीत. आजोबा लाजले. आणि मग आवाज खाली आणून, चोरी कबूल करावी तसं, म्हणाले की त्यांनी हिवाळ्यात शेफना पत्र लिहिलं होतं. आभाराचं. आम्ही अमक्या तारखेला येतो आहोत, असं शेवटी घातलं होतं.

त्याच वेळी कॅप्टननी डोळ्यानं खुणावलं. आई "आलेच" म्हणून उठली आणि हलत्या दारातून आत गेली.

थोड्या वेळानं शेजारी प्लेट आली. दुधाचं थरथरणारं पुडिंग, मधाचा ओघळ, आणि कडेला सही. शेपटी अशी सुंदर ओढलेली की टीव्हीवरच्या सहीचीही मौनीला तशी आठवेना. वेटर म्हणाला, "शेफकडून, प्रेमानं."

आजोबा प्लेटकडे बघतच राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, फोनवर प्लेटचा फोटो काढला. मग आजींच्या वाकड्या बोटांवर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, "पोचलं गं पत्र."

आता इथं थांबता आलं असतं. पुढे कित्येक दिवस मौनी रात्री उशीत तोंड खुपसून त्या क्षणापाशी परत जायची आणि तिथं स्वतःला थांबवायची. पाण्याचा घोट घ्यायचा होता. बाबांना काहीतरी विचारायचं होतं. रुमाल खाली पाडून टेबलाखाली जायचं होतं. पण त्या संध्याकाळी तिला फक्त एवढंच दिसत होतं, की एक माणूस आईच्या अक्षराकडे डोळे भरून बघतो आहे आणि आभार भलत्याचेच मानतो आहे. भाषणातलं वाक्यच तिच्या जिभेवर आलं, श्रेय ज्याचं त्याला. आणि ती म्हणाली,

"आजोबा, ती सही शेफची नाहीये. माझ्या आईनं केलीय. आत्ता, आत जाऊन."

बाबांनी टेबलाखालून तिला पाय मारला. तो मारेपर्यंत वाक्य पुरं झालं होतं. आजोबा हसले, त्यांना वाटलं पोरगी चेष्टा करते आहे. तिकडे पाण्याची सुरई घेऊन चाललेले कॅप्टन जागच्या जागी उभे राहिले. आणि हलतं दार उघडून, हात पुसत, आई बाहेर आली.

आजोबांनीच तिला थांबवलं. तक्रार म्हणून नाही, आनंदात. ही तुमची मुलगी मोठी गमतीची आहे, म्हणते सही तुम्ही केलीत, असं त्यांनी सांगितलं. आईनं प्लेटकडे पाहिलं. आजींच्या बोटांवर ठेवलेला आजोबांचा हात पाहिला. लांब उभे असलेले कॅप्टन पाहिले. हे सगळं एका दमात, सही करताना श्वास रोखायची तसं.

"हिला गोष्टी रचायची सवय आहे, काका," ती म्हणाली. "सही शेफचीच. तुमचं पत्र मिळालं असेल त्यांना."

आजोबांचा चेहरा पुन्हा उजळला. सगळं तिथंच मिटलं असतं. कॅप्टननी सुरई उचलली होती, बाबांनी श्वास सोडला होता. आणि मौनीचे कान तापले. आख्ख्या दालनासमोर आईनं तिला खोटं पाडलं होतं. जी मुलगी दोन वर्षांपूर्वी तोंड उघडायला शिकली आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्याला लोक खरं मानायला लागले, तिला, तिच्याच आईनं. खरं आपल्या बाजूला असताना माणूस किती दुष्ट होऊ शकतो हे तिला तोवर माहीत नव्हतं. ती उठली, तिनं आईचा उजवा हात धरला आणि पंजा उघडून आजोबांपुढे केला. पहिल्या बोटाच्या कडेला आणि नखाच्या फटीत चॉकलेट होतं. ओलं.

"मग हे काय आहे?"

आईनं हात ओढून घेतला नाही. दमलेल्या माणसाचा असतो तसा तो मौनीच्या हातात नुसता पडून होता. आजोबांनी तो हात बराच वेळ पाहिला. मग प्लेटवरची सही पाहिली, आणि पुन्हा हात.

"अक्षर फार छान आहे हो ताई तुमचं," ते म्हणाले.

सहा वर्षांत हे वाक्य आईला कुणी म्हटलं नव्हतं. आणि म्हटलं ते असं, की तिला मान वर करून ते घेताही येईना. ती खुर्चीत बसली आणि हात मांडीवर झाकून ठेवले.

आजोबांनी प्लेट जराशी फिरवली, सही पलीकडच्या बाजूला जाईल अशी. मग ते आजींना पुडिंग भरवत राहिले, एक घास त्यांना, एक आपल्याला, चव कशी आहे यावर थोडं बोललेसुद्धा. निघताना आजींनी विचारलं की मघाशी काढलेला फोटो ठेवायचा का. आजोबा म्हणाले, असू दे. जाता जाता त्यांनी मौनीच्या डोक्यावर हात ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

प्लेटवर सही तशीच राहिली होती, न मोडलेली.

घरी जाताना बाबा बोलले, खूप बोलले, आयुष्यात पहिल्यांदा तिच्यापेक्षा जास्त. आई एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे जेवायला वाढलं, वेणी घातली, दप्तरात डबा ठेवला, पण तिचं बोलणं सगळं भांड्यांच्या आवाजात. चौथ्या दिवशी मॅनेजरबाईंनी आईला बोलावलं. ओरडल्या नाहीत. असं होऊ शकतं हे आम्हालाच आधी सुचायला हवं होतं, म्हणाल्या. माणसाच्या हातावर अशी गोष्ट ठेवणंच चूक. त्यांनी शेफच्या खऱ्या सहीचा एक मऊ ठसा करून मागवला. चॉकलेटच्या तबकात बुडवायचा, प्लेटवर टेकवायचा, उचलायचा. कोणीही करू शकतं. आणि आई फळांच्या टेबलावर परत गेली.

मौनी गप्प बसणारी थोडीच. तिनं आरशासमोर तीन दिवस तयारी केली आणि शाळा सुटल्यावर गणवेशातच मॅनेजरबाईंच्या खोलीत जाऊन उभी राहिली. चूक माझी आहे, आईनं शेवटपर्यंत तुमचीच बाजू राखली, ती तर नाहीच म्हणत होती, शिक्षा मला करा. आवाज कुठे चढवायचा, कुठे थांबायचं, सगळं जमलं. बाईंनी हनुवटीखाली हात घेऊन शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या की तू बोलतेस फारच सुंदर. शाळा संपली की ये, पुढच्या दालनात पाहुण्यांचं स्वागत करायला आम्हाला अशाच मुली लागतात.

रस्त्यावर आल्यावर तिनं वर पाहिलं. शेफ हाताची घडी घालून हसत होते.

त्या रात्री आई भांडी विसळत होती आणि मौनी पुसत होती. तिनं सांगितलं की ती मॅनेजरबाईंकडे जाऊन आली. आईनं नळ बंद केला.

"तू खोटं बोलली असतीस ना, तर मी दोन धपाटे घालून मोकळी झाले असते," आई म्हणाली. "तू खरं बोललीस. आता मी काय करू तुझं?"

मौनी म्हणाली की तिला फक्त लोकांना कळायला हवं होतं. आई किती चांगलं करते ते.

"मला माहीत होतं की. तुला होतं, बाबांना होतं." आईनं हात पुसले. "माझं एक वेळ सोड. तो माणूस आठ तास बसमधून आला होता. परत जाताना त्याच्या हातात काहीतरी होतं, मौने. ते तू काढून घेतलंस. आणि एकदाच नाही, पहिल्यांदा काढलंस तेव्हा मी ते त्याला परत दिलं होतं. दुसऱ्यांदा काढलंस."

मग तिनं पुन्हा नळ सोडला. मौनीला त्या आजोबांचं नावसुद्धा माहीत नव्हतं, गावही विचारायचं राहिलं होतं. एवढ्या गप्पा मारून.

तिनं कॅप्टनना गाठलं. पाहुण्यांच्या नोंदी बाहेर देता येत नाहीत, असं ते म्हणाले, आणि ते खरंच होतं. तिनं तरी एक पत्र लिहिलं, चार पानी, अलंकारांसकट. वाचलं, फाडलं. एक पानी लिहिलं. तेही फाडलं. आजोबा, तुमचं पत्र पोचलं असेल, असं लिहायचं तर ते तिला माहीत नव्हतं, आणि नाही लिहायचं तर बाकी लिहिण्यासारखं काय होतं?

हंगाम भरात आला. किनाऱ्याचा रस्ता माणसांनी फुलून गेला. शाळेतून येताना मौनी मुद्दाम रेस्टॉरंटच्या काचेजवळून जायची. आत टेबलं भरलेली, प्लेटा येत होत्या, वेटरांचे ओठ हलत होते, शेफकडून, प्रेमानं. लोक फोटो काढत होते, तितकेच, तेवढ्याच कौतुकानं. काचेला नाक लावून तिनं एकदा जवळच्या टेबलावरची प्लेट नीट पाहिली. ठशाची सही फिकट होती, गोल बुजलेला, आणि शेपटी अर्ध्यात संपत होती. समोर बसलेल्या बाईनं मात्र दोन्ही हात गालांवर ठेवले होते. कुणालाही काही फरक पडला नव्हता. जो पडला तो सगळा त्यांच्याच घरात.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारी आई खिडकीशी बसली होती. बोटांवर पुन्हा चिरा आल्या होत्या, संत्र्याच्या रसानं पांढुरक्या झालेल्या कडा. मौनी न सांगता मलमाची डबी आणि कापूस घेऊन आली आणि समोर बसली. आईनं हात पुढे केला. मौनी एकेका चिरेवर मलम लावत गेली. मग आईनं, खिडकीबाहेर बघत, सहज म्हणावं तसं म्हटलं की तू काचेपाशी थांबतेस असं वेटर सांगत होता. फळांच्या टेबलावरून ठसा मारायची ती संगमरवरी फळी दिसत नाही.

"कशी उमटते?" ती म्हणाली.

छान उमटते, असं म्हणणं सोपं होतं. त्यानं आईला बरं वाटेल की वाईट, हे मौनीला ठरवता येईना. भयंकर उमटते, असं म्हणणंही सोपं होतं. तिनं कापूस बोटाभोवती हळूच फिरवला आणि बराच विचार करून जे दिसलं तेवढंच सांगितलं.

"शेपटी तुटते."

"तुटणारच." आई एकदम सरसावून बसली. "चॉकलेट निवलेलं असणार. त्यांना वाटतं ठसा आहे म्हणजे झालं. प्लेट गार हवी आणि चॉकलेट कोमट, कितीदा सांगितलं होतं मी..." आणि मध्येच थांबली. कुणाला सांगितलं होतं, कधी, तिचं तिलाच हसू आल्यासारखं झालं, पण हसू पुरतं आलं नाही.

मी सांगू का त्यांना, हे मौनीच्या अगदी तोंडाशी आलं. तिनं डबीचं झाकण लावलं.

आईनं दुसरा हात पुढे केला. उजवा. मौनीनं झाकण पुन्हा उघडून मलम लावलं. पहिलं बोट चार ठिकाणी चिरलेलं होतं, मलम चांगलंच झोंबत असणार, पण ते जराही थरथरत नव्हतं.